निर्वाण न मिळालेल्याने निर्वाणाबद्दल बोलावं का?

वर्षावासाचे दिवस होते. आषाढ पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत आमच्या भागातल्या विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन चालतं. सतरंजी, मेणबत्त्या, बाहेर पाऊस आणि दाराशी ओल्या चपलांचा ढीग. त्या दिवशी निब्बाणावरचा भाग वाचून झाला. वाचणाऱ्या आजींनी चष्मा काढून पदराला पुसायला घेतला, तेवढ्यात मागं भिंतीला टेकून बसलेल्या कॉलेजच्या एका पोरानं विचारलं, "आजी, राग मानू नका, पण तुम्हाला मिळालंय का निर्वाण?"

"नाही रे बाबा. गुडघेदुखी सुटत नाही, निर्वाण कुठलं."

"मग ते सुखाचं असतं हे तुम्हाला कसं माहीत?"

आजींनी चष्मा परत लावला. "मला पोहता येत नाही. पण विहीर खोल आहे एवढं काठावरून कळतं की नाही?"

सगळे हसले, 'भवतु सब्ब मंगलं' झालं, मंडळी उठली. चपला शोधताना पोरगा मला म्हणाला, "विहिरीत दगड टाकून अंदाज घेता येतो. निर्वाणात काय टाकणार?"

प्रश्न उद्धट वाटला तरी रास्त आहे, आणि जुनाही आहे. बौद्ध परंपरेनं तो स्वतःलाच अनेकदा विचारलाय.

पेच नीट मांडू. ज्याला निर्वाण मिळालंय त्यानंच त्याबद्दल बोलावं असा नियम केला, तर अडीच हजार वर्षांतल्या बहुतेक भिक्खूंनी, भाष्यकारांनी आणि आमच्या आजींनी तोंड बंद ठेवायला हवं होतं. मग ज्याला काहीच माहीत नाही त्यानं त्या वाटेला लागायचं तरी कशाच्या जोरावर? उलट कुणीही काहीही बोलावं म्हटलं, तर गल्लोगल्लीचे बुवा आहेतच. काही जण यातून पळवाट काढतात, 'निर्वाण शब्दांपलीकडचं आहे, त्याबद्दल बोलताच येत नाही.' पण हाही निर्वाणाबद्दलचाच दावा झाला. न पाहिलेली वस्तू शब्दांपलीकडची आहे हे तरी कशावरून कळलं?

शब्दाचं थोडं. पाली निब्बान, संस्कृत निर्वाण. मूळ अर्थ विझणं, दिव्याचं किंवा आगीचं शांत होणं. आपलं मराठी 'निवणं' त्याच कुळातलं. चहा निवतो, डोळे निवतात, जीव निवतो. आगीतून बाहेर पडल्याचा गारवा या शब्दात मुळापासून आहे. (त्याच शब्दाचा आपण 'निर्वाणीचा इशारा' करून टाकला, म्हणजे गारव्याचा शब्द धमकीच्या कामाला जुंपला. आणि 6 डिसेंबरला, महापरिनिर्वाण दिनी, दादरच्या चैत्यभूमीकडे निघालेल्या लाखो लोकांच्या तोंडी तो श्रद्धेचा शब्द म्हणून असतो.)

हात-पाय तुटलेल्यांचा आक्रोश

पोराचा प्रश्न जवळजवळ शब्दशः एका राजानं विचारला होता. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात सागल नगरीत राज्य करणारा यवन राजा मिनँडर. पालीत त्याचा झाला मिलिंद. भदंत नागसेनांशी त्याचे सवाल-जवाब 'मिलिंदपञ्ह' या ग्रंथात आहेत. छत्रपती संभाजीनगरात नागसेनवन आहे आणि त्यात मिलिंद महाविद्यालय, ती नावं या जोडीवरूनच आली आहेत.

मिलिंद विचारतो: ज्यांना निर्वाण मिळालेलं नाही, त्यांना ते सुखाचं आहे हे कळतं का?

नागसेन म्हणतात, कळतं.

कसं?

नागसेन उलट विचारतात: महाराज, ज्यांचे हात-पाय कधी तुटले नाहीत, त्यांना हात-पाय तुटण्यात दुःख आहे हे कळतं का?

कळतं.

कसं?

ज्यांचे तुटले त्यांचा आक्रोश ऐकून.

तसंच, नागसेन म्हणतात. ज्यांनी निर्वाण पाहिलं त्यांचे शब्द ऐकून.

राजा म्हणतो, पटलं. पण आमचा पोरगा असता तर इथं थांबला नसता, आणि मीही थांबत नाही. तुटल्या हाताचा आक्रोश कळतो, कारण आपलं बोट कधी तरी दारात चेमटलेलं असतं. लहान वेदनेवरून मोठीचा अंदाज येतो. निर्वाणाच्या बाबतीत आपल्याकडे लहानसं असं काय आहे?

याचं उत्तर एका सुत्तात, म्हणजे बुद्धांच्या प्रवचनात, सापडतं. जाणुस्सोणि नावाचा ब्राह्मण बुद्धांना विचारतो, निर्वाण 'संदिट्ठिक', म्हणजे इथंच डोळ्यांसमोर दिसणारं, ते कसं? बुद्धांचं उत्तर अगदी घरगुती आहे. लोभानं घेरलेला माणूस स्वतःच्या वाईटाचे बेत करतो, दुसऱ्याच्या वाईटाचे करतो, मनातून जळत राहतो. लोभ सुटला की ते बेतही सुटतात आणि जळणंही. तीच गोष्ट द्वेषाची आणि मोहाची. असं हे निर्वाण इथंच दिसतं.

यात पोराच्या दगडाचं उत्तर आहे. पार्किंगवरून शेजाऱ्याशी भांडण झालंय. तीन दिवस मनात त्याची उत्तरं जुळवतोय, आंघोळ करताना त्यालाच सुनावतोय. चौथ्या दिवशी काही कारण नसताना ते गळून पडतं आणि छाती एकदम हलकी होते. हे निर्वाण नव्हे, पुन्हा गाडी आडवी लागली की सगळं परत पेटणार आहे. पण विझणं म्हणजे काय असतं याची चव त्यात मिळाली. चेमटलेल्या बोटाचं काम इथं हा निवलेला राग करतो. तेव्हा 'राग-द्वेष-मोह पूर्ण विझले तर ते सुखाचं असेल' हा दावा अगदीच हवेतला राहत नाही.

राजाचे हेर आणि आंधळ्याचं वस्त्र

ऐकीव ज्ञानाची खरी अडचण पुढं आहे. निर्वाण पाहिलेल्यांचे शब्द ऐकायचे हे ठीक, पण त्यानं पाहिलंय हे ठरवणार कोण? ठरवायला बसलेला तर न पाहिलेलाच.

यावर एक फार गमतीचं सुत्त आहे. श्रावस्तीत बुद्ध पूर्वारामात बसलेत. कोसलचा राजा पसेनदी भेटीला आलाय. तेवढ्यात समोरून तापसांचा तांडा जातो, सात जटाधारी, सात निगंठ (जैन साधू), सात नग्न, सात एकवस्त्री, सात परिव्राजक. काखेतले केस आणि नखं वाढलेली. राजा उठतो, उपरणं एका खांद्यावर घेतो, उजवा गुडघा जमिनीला टेकवतो, हात जोडून तीन वेळा आपलं नाव सांगतो. मग परत येऊन बुद्धांना म्हणतो, भंते, जगात जे कुणी अरहंत, म्हणजे पूर्ण मुक्त झालेले, असतील त्यांतले हे असणार.

बुद्ध 'नाही' म्हणत नाहीत. ते म्हणतात, महाराज, तुम्ही संसारी माणूस. मुलाबाळांच्या गर्दीत राहणारे, काशीचं चंदन लावणारे, सोनं-रुपं घेणारे. तुम्हाला हे ओळखणं अवघड आहे. शील सहवासानं कळतं, सचोटी व्यवहारानं, धीर संकटात आणि प्रज्ञा चर्चेत. तेही दीर्घ काळानं, आणि नीट लक्ष दिलं तर.

तेव्हा राजा कबूल करतो, भंते, ते माझेच हेर आहेत. मुलखात फिरून बातम्या काढून आलेत. आता घरी जाऊन धूळ धुतील, दाढी करतील, पांढरी वस्त्रं नेसून मजा करतील.

बुद्धांची परीक्षा घ्यायला राजानं हा डाव टाकला होता का, हे सुत्तात स्पष्ट नाही. मला तरी वाटतं, घेतच होता. पण बुद्धांच्या उत्तराची मेख बघा. न पोहोचलेल्या माणसाला पोहोचलेल्याबद्दल काहीच कळणार नाही असं ते म्हणत नाहीत. अवघड आहे, वेळ लागेल, आणि कपड्यांवरून कळणार नाही, एवढंच म्हणतात. दहा मिनिटांच्या व्हिडिओवरून एखाद्याला 'पोहोचलेला' ठरवणाऱ्यांनी हे सुत्त मोबाईलच्या वॉलपेपरला लावावं.

हेरांच्या गोष्टीत माणसं खोटी होती. शब्द खरे आणि माणूस प्रामाणिक असूनही दावा फसतो, त्याची गोष्ट मागंदियाची. कुरू देशात कम्मासधम्म नावाचं गाव होतं. तिथं या परिव्राजकासमोर बुद्ध एक ओळ म्हणतात: 'आरोग्यपरमा लाभा, निब्बानं परमं सुखं.' आरोग्य हा सगळ्यांत मोठा लाभ, निर्वाण हे सगळ्यांत मोठं सुख. धम्मपदातही या आशयाची गाथा आहे, अनेकांना पाठ असते. मागंदिय खूश होतो. म्हणतो, आमच्या गुरूंच्या गुरूंकडून आम्हीही हेच ऐकलंय, अगदी जुळतं. बुद्ध विचारतात, मग त्यातलं आरोग्य कोणतं, निर्वाण कोणतं?

मागंदिय स्वतःच्या हातापायांवरून हात फिरवतो. हेच ते आरोग्य, हेच ते निर्वाण. मी आता धडधाकट आहे, सुखात आहे, मला काही दुखत-खुपत नाही.

हे दृश्य मला फार आवडतं. ओळ बरोबर, पाठांतर बरोबर, परंपराही बरोबर, आणि अर्थ म्हणून स्वतःचीच पोटरी चोळून दाखवतोय! बुद्ध त्याला जन्मांधाची उपमा देतात. आंधळ्यानं डोळस माणसांकडून शुभ्र वस्त्राची स्तुती ऐकली आणि तो शुभ्र वस्त्र शोधत निघाला. कुणीतरी त्याच्या हातात तेलकट, मळकट जाडंभरडं फडकं ठेवलं, हे घे, शुभ्र आहे. तो ते अंगावर घेऊन मिरवतो. वैद्यानं डोळे बरे केल्यावर त्याला कळतं की आपण केवढे फसलो होतो. बुद्ध म्हणतात, ही गाथा पूर्वीच्या बुद्धांची, ती हळूहळू सामान्य माणसांच्या तोंडची झाली. पालीतला शब्द 'पुथुज्जनगाथा'.

म्हणजे नागसेनांच्या उत्तरात एक अट घालावी लागते. ऐकून कळतं खरं, पण शब्दांबरोबर अर्थ आपोआप येत नाही. आक्रोश ऐकून दुःख आहे हे कळलं, तरी कुठं दुखतंय हे चुकीचं समजू शकतं.

वाक्याची सुरुवात महत्त्वाची

मग बोलायचं कसं? इथं परंपरेचं सगळ्यांत व्यवहारी उत्तर येतं, आणि ते सोळा वर्षांच्या एका मुलाच्या प्रश्नावर आलंय. कोसलातल्या ओपासाद गावी चंकी ब्राह्मणाबरोबर आलेला कापटिक नावाचा वेदपारंगत पोरगा. मोठी माणसं बोलत असताना मध्येच तोंड घालतो, म्हणून बुद्ध त्याला आधी थांबवतात, मग त्याच्याशीच सगळ्यांत लांब बोलतात. (शेवटच्या ओळीत भिंतीला टेकून बसणारी पोरं तेव्हाही होती.)

त्याचा मुद्दा असा: ब्राह्मण आपल्या मंत्रांबद्दल म्हणतात, हेच सत्य, बाकी सगळं व्यर्थ. यावर तुमचं काय म्हणणं? बुद्ध विचारतात, त्यांच्यात एक तरी आहे का जो म्हणेल, हे मी स्वतः जाणतो, स्वतः पाहतो? नाही. त्यांच्या गुरूंत, गुरूंच्या गुरूंत? नाही. मग ती आंधळ्यांची रांग झाली, प्रत्येकानं पुढच्याचा खांदा धरलाय, पहिल्यालाही दिसत नाही आणि शेवटच्यालाही.

पण बुद्ध ऐकीव गोष्ट टाकून द्या असं म्हणत नाहीत. माणूस पाच आधारांवर एखादी गोष्ट मानतो: श्रद्धा, आवड, ऐकीव परंपरा, तर्क, आणि विचारांती पटलेलं मत. पाचांचंही असं की मनापासून मानलेलं पोकळ निघू शकतं आणि न मानलेलं खरं निघू शकतं. तेव्हा ज्याची श्रद्धा आहे त्यानं म्हणावं, 'माझी अशी श्रद्धा आहे.' ज्यानं ऐकलंय त्यानं म्हणावं, 'मी असं ऐकलंय.' इतकं म्हटलं की तो सत्य राखतो. 'हेच खरं, बाकी सगळं खोटं' इथपर्यंत त्यानं जाऊ नये. याला पालीत 'सच्चानुरक्खणा' म्हणतात, सत्याची राखण. राखण करणं म्हणजे सत्य कळणं नव्हे, आणि कळणं म्हणजे तिथं पोहोचणं नव्हे. या तीन वेगळ्या पायऱ्या बुद्ध त्या मुलाला उलगडून सांगतात.

आपल्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथंच मिळतं, असं माझं मत. निर्वाणाबद्दल बोलायला कुणालाच बंदी नाही, पण वाक्याची सुरुवात खरी हवी. 'निर्वाण परम सुख आहे' आणि 'निर्वाण परम सुख आहे असं मी वाचलंय, आणि मला ते पटतं' या दोन वाक्यांत माहिती तेवढीच आहे. बोलणाऱ्याची जागा मात्र पूर्ण वेगळी आहे.

आता उरलेलं निम्मं. निर्वाणाबद्दल बोलणं वेगळं आणि 'मला मिळालंय' म्हणणं वेगळं. पहिल्याला मोकळीक देणाऱ्या परंपरेनं दुसऱ्यावर जबर कुलूप घातलंय.

वज्जी देशात दुष्काळ पडला होता. वग्गुमुदा नदीच्या काठी वर्षावास करणाऱ्या भिक्खूंना भिक्षा मिळेना. त्यांनी शक्कल लढवली: गृहस्थांसमोर एकमेकांची स्तुती करायची. हा भिक्खू ध्यानलाभी, हा सोतापन्न (मुक्तीच्या पहिल्या पायरीवरचा), हा तर अरहंत. युक्ती चालली. लोकांनी स्वतःच्या आणि आईबापांच्या, बायकापोरांच्या तोंडचा घास काढून त्यांना दिला. वर्षावास संपवून सगळीकडचे भिक्खू वैशालीला बुद्धांना भेटायला आले ते वाळलेले, पिवळे पडलेले. हे मात्र गुटगुटीत. बुद्धांनी चौकशी केली, आणि विनयपिटकात, म्हणजे भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथात, इथं त्यांचे शब्द फार कडक आहेत: पोटासाठी असं करण्यापेक्षा कसायाच्या धारदार सुरीनं पोट फाडून घेतलं असतं तरी बरं होतं. पाच महाचोर सांगून ते म्हणतात, सगळ्यांत मोठा चोर हा, जो नसलेली सिद्धी असल्याचं सांगून लोकांचं अन्न खातो.

त्यातून आला भिक्खूंचा चौथा पाराजिक नियम. असा खोटा दावा जाणूनबुजून केला की भिक्खूपण संपलं. खून, चोरी आणि मैथुनाच्या पंगतीत हा गुन्हा बसवलाय. त्याला एक माणुसकीची सूट आहे. एखाद्याला खरोखरच वाटलं की आपण पोहोचलो, आणि नंतर मनात वासना उठल्यावर कळलं की नाही पोहोचलो, तर त्या गैरसमजाला पाराजिक लागत नाही. पालीत त्याला 'अधिमान' म्हणतात. इगतपुरीला दहा दिवस विपश्यनेला बसून आल्यावर चार दिवस हवेत चालणारे आपल्या ओळखीत एकदोन असतातच, त्यांच्यासाठी हा दिलासा समजा.

याहून आश्चर्याचा नियम पुढं आहे. दावा खरा असला, तरी तो भिक्खू नसलेल्या माणसाला सांगणं हा पाचित्तिय, म्हणजे कबुली देऊन फिटणारा, दोष. म्हणजे ज्याला मिळालंय त्यानं गृहस्थांना सांगायचं नाही, आणि न मिळालेला निर्वाणावर प्रवचन देऊ शकतो!

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हे उफराटं वाटलं होतं. मग बुद्धांच्या सेवेत राहिलेले त्यांचे शिष्य आनंद आठवले.

उशी आणि डोकं यांच्यामधलं अंतर

बुद्धांची जी प्रवचनं आज आपल्याकडे आहेत, ती परंपरेनुसार आनंदांच्या स्मरणातून आली. त्यांच्या गाथेत ते सांगतात, बुद्धांकडून 82 हजार उपदेश शिकलो, भिक्खूंकडून 2 हजार. पण आनंद बुद्धांच्या हयातीत अरहंत नव्हते. त्याच गाथांत ते आपण पंचवीस वर्षं 'सेख' होतो असं सांगतात. सेख म्हणजे अजून शिकणारा.

इथं एक गैरसमज काढायला हवा. आपण बोलताना दोनच कप्पे करतो, निर्वाण मिळालेला आणि न मिळालेला. परंपरेत मधल्या पायऱ्या आहेत. पुथुज्जन म्हणजे तुम्ही-आम्ही. त्यापुढं सोतापन्न, सकदागामी, अनागामी, आणि शेवटी अरहंत. सोतापन्नाला एकदा झलक मिळालेली असते, पण त्याचं सगळं विझलेलं नसतं. आनंद या मधल्या पट्ट्यातले.

बुद्धांच्या महापरिनिर्वाणानंतर राजगृहात संगीती, म्हणजे बुद्धवचनं एकत्र म्हणून पक्की करण्याची सभा, भरायची ठरली. 499 अरहंत निवडले गेले, आणि आनंद सेख असूनही त्यांच्यावाचून चालणार नव्हतं. आनंदांना ते लागलं. उद्या सभा आहे आणि मी सेख म्हणून जाऊ, हे बरं नव्हे. रात्रभर त्यांनी कायेवर लक्ष ठेवून साधना केली. काही झालं नाही. पहाटे आडवे होऊ लागले. पाय जमिनीवरून उचललेले, डोकं अजून उशीला लागलं नव्हतं, त्या क्षणी ते मुक्त झाले, असं विनयपिटक सांगतं.

त्या एका रात्रीच्या आधी पंचवीस वर्षं, पूर्ण न पोहोचलेला हा माणूस निर्वाणाबद्दलचे शब्द साठवत होता, इतरांना शिकवत होता. आणि बहुतेक सुत्तं सुरू होतात ती 'एवं मे सुतं' म्हणून. असं मी ऐकलंय. 'असं मी पाहिलंय' नव्हे. कापटिकाला सांगितलेली सत्याची राखण अख्ख्या सुत्तपिटकाच्या दारावरच लावलीय.

काय बोलता येतं

बोलण्याच्या मजकुराकडे वळू. बुद्धांचे पट्टशिष्य सारिपुत्त यांना जंबुखादक नावाच्या परिव्राजकानं सरळ विचारलं, निर्वाण म्हणजे काय? उत्तर: रागाचा क्षय, द्वेषाचा क्षय, मोहाचा क्षय. 'ते कसं आहे' यापेक्षा 'तिथं काय उरत नाही' हे सांगणं, ही पालीतली नेहमीची वाट. 'उदान' या ग्रंथात तर ओळ आहे की न जन्मलेलं, न घडलेलं, न केलेलं, न रचलेलं असं काही आहे, ते नसतं तर जन्मलेल्यातून सुटका दिसलीच नसती. वच्छगोत्त नावाचा परिव्राजक बुद्धांना विचारतो, मुक्त झालेला मेल्यावर कुठं जातो? बुद्ध म्हणतात, समोरची आग विझली तर ती पूर्वेला गेली की पश्चिमेला? प्रश्नच लागू पडत नाही. गवत-लाकूड संपलं, आग विझली.

उपमांची मात्र चंगळ आहे. संयुत्तनिकायात निर्वाणाला दिलेल्या नावांची एक लांबलचक यादी येते: पार, द्वीप, त्राण, शरण, आणि 'लेण'. हो, तेच. लेण म्हणजे आसऱ्याची जागा. नाशिक-जुन्नरच्या शिलालेखांत दान दिलेल्या गुहांना हाच शब्द आहे, आणि आपण आजही लेणी बघायला जातो. सह्याद्रीचा कातळ फोडणाऱ्या पाथरवटाच्या रोजच्या बोलण्यातला शब्द निर्वाणाचं नाव होता. अजिंठ्याच्या 26 क्रमांकाच्या लेण्यात डाव्या भिंतीवर महापरिनिर्वाणाचं भलंमोठं शिल्प आहे. बुद्ध उजव्या कुशीवर, डोक्याखाली उशी, खाली शोक करणारे शिष्य, वर देवगण. उशीवर डोक्याच्या भारानं पडलेला खळगासुद्धा कोरलाय. ते निर्वाण कोरलेलं नाही. कोरली आहे ती आपल्या बाजूनं दिसणारी कड: देह, उशी, रडणारी माणसं. पाथरवटाला आपली हद्द नेमकी माहीत होती.

पंडितांना ती नेहमीच माहीत होती असं नाही. बौद्धांतल्या सर्वास्तिवादी पंथाचे लोक म्हणत, निर्वाण ही खरी, 'असंस्कृत' म्हणजे कशातूनही न घडलेली अशी वस्तू आहे. सौत्रान्तिक पंथाचे म्हणत, वस्तू कसली, दिवा विझणं म्हणजे नुसतं नसणं. पाचव्या शतकात बुद्धघोषांनी 'विसुद्धिमग्ग' लिहिला. आपल्या गोव्याच्या धर्मानंद कोसंबींनी पुढं ज्याचं संपादन केलं तोच हा ग्रंथ. त्यात प्रतिपक्षी म्हणतो, निर्वाण सशाच्या शिंगासारखं, सापडत नाही म्हणजे नाहीच. बुद्धघोषांचं उत्तर: योग्य उपायानं सापडतं, आणि सामान्य माणसाला सापडत नाही म्हणून ते नाहीच, असं म्हणता येत नाही. त्यांच्याही आधीच्या आचार्य नागार्जुनांनी 'वस्तू' आणि 'नुसतं नसणं' या दोन्ही पक्षांना मोडीत काढलं, पण बोलणं मात्र सोडलं नाही. त्यांची कारिका आहे: 'व्यवहारमनाश्रित्य परमार्थो न देश्यते । परमार्थमनागम्य निर्वाणं नाधिगम्यते ॥' रोजच्या भाषेचा आधार न घेता परमार्थ शिकवता येत नाही, आणि परमार्थाला न भिडता निर्वाण गाठता येत नाही. बोलणं अपुरं आहे हे खरं, पण शिडीला दुसऱ्या पायऱ्या नाहीत.

'बुद्ध आणि त्यांचा धम्म' लिहिताना बाबासाहेबांनी काय केलं तेही याच संदर्भात बघण्यासारखं आहे. त्यांनी निब्बाणाचा अर्थ मरणानंतरच्या गूढातून काढून आचरणात आणला: विकारांवर ताबा, सदाचाराच्या मार्गानं चालता येईल असा. परंपरावादी बौद्ध अभ्यासकांना हे अपुरं वाटलं. पण या मांडणीत जाणुस्सोणिला दिलेलं उत्तर मला स्पष्ट ऐकू येतं. आणि ती गृहस्थानं गृहस्थांसाठी केलेली मांडणी आहे, पडताळता येईल तेवढ्याच भागावर बोट ठेवणारी.

शेवटी विहीर. आजींनी हे सुत्त वाचलेलं नव्हतं, मी नंतर विचारलं. कौशांबीच्या घोषितारामात चार भिक्खू बसलेत: मूसिल, सविठ्ठ, नारद आणि आनंद. सविठ्ठ मूसिलाला विचारतात, श्रद्धा बाजूला ठेवा, आवड, ऐकीव परंपरा, तर्क, पटलेलं मत, तेही बाजूला ठेवा. (कापटिकाला सांगितलेले तेच पाच आधार.) यांच्याशिवाय, स्वतःच्या ज्ञानानं तुम्हाला माहीत आहे का, की भवाचा निरोध, म्हणजे पुन्हा पुन्हा जन्मण्याचं थांबणं, हेच निर्वाण?

मूसिल म्हणतात, माहीत आहे, मी ते पाहतो.

मग तुम्ही अरहंत आहात, सविठ्ठ म्हणतात. मूसिल गप्प राहतात.

तेव्हा नारद म्हणतात, हा प्रश्न मला विचारा. त्यांना तोच प्रश्न, तेच उत्तर: हो, मी जाणतो, मी पाहतो, भवाचा निरोध म्हणजे निर्वाण. सविठ्ठ म्हणतात, मग तुम्हीही अरहंत.

नाही, नारद म्हणतात. मी ते नीट पाहिलंय, पण मी अरहंत नाही. वाळवंटाच्या वाटेवर विहीर असावी. तिथं ना दोर, ना पोहरा. उन्हानं करपलेला, थकलेला, तहानेनं व्याकुळ झालेला माणूस येतो, वाकून विहिरीत बघतो. पाणी आहे हे त्याला दिसतं. पण अंगाला ते लागत नाही.

आनंद सविठ्ठाकडे वळून विचारतात, आता नारदांबद्दल तुमचं काय म्हणणं?

सविठ्ठ म्हणतात, चांगल्याशिवाय दुसरं काही म्हणणं नाही.